दगड न झालेला चुना

"पुन्हा दूध," मी म्हटलं.

उपळेकर सर खिडकीपाशी चष्मा पुसत उभे होते. मघापासून पुसत होते, काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

"थोडं की फार?"

"म्हशीचं आहे सर. मलई तेवढी यायची राहिलीय."

एरवी असल्या उत्तराला ते गालातल्या गालात हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. जवळ आले, फ्लास्क उचलून उजेडासमोर धरला आणि माझ्या हातात परत दिला. मी तो मोरीत ओतला. दिवाळी होऊन गेली होती, कॉलेजात अजून निम्मी मुलंसुद्धा उगवली नव्हती, आणि मी आपली रोज सकाळी येऊन बर्फ फोडायचा, पाणी मोजायचं, ढवळायचं आणि दूध मोरीत ओतायचं, हेच करत होते. पाठ मोडून आली होती. जेवण जात नव्हतं. आईचा फोन आला की मी "सगळं मस्त चाललंय" म्हणायची.

हे दूध म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एका भांड्यात कॅल्शियमच्या क्षाराचं पाणी घ्यायचं, त्यात गॅडोलिनियम नावाच्या धातूचा चिमूटभर क्षार. दुसऱ्या भांड्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्ही एकत्र केली की खडू तयार होतो, पांढराफेक. पण आम्हाला खडू नको होता. आम्हाला हवा होता खडू व्हायच्या अलीकडचा, अजून दगड न झालेला चुना. त्याचे कण इतके बारीक, की पाणी निवळच दिसतं, फार तर किंचित निळसर झाक येते. तो कण आपल्या पोटात पाणी धरून बसतो आणि त्या पाण्याला खेटून गॅडोलिनियम असतं. असा कण रक्तातून गेला की एमआरआयच्या चित्रात ती जागा लख्ख उजळते, गाठ असेल तर गाठ दिसते. पण एकदा का त्या चुन्याचा दगड झाला, की तो आतलं पाणी बाहेर टाकतो, गॅडोलिनियमलाही धड थारा देत नाही, आणि मग उरतो नुसता खडू. फळ्यावर लिहा.

आई पाक करायची तेव्हा भांड्याचे काठ ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. काठावर साखरेचा एक कण राहिला, तरी अख्खा पाक साखरतो. आमच्या चुन्याचंही तसंच. दगड होऊ नये म्हणून आम्ही त्यात एक चिकट पदार्थ घालायचो, बर्फात ठेवायचो, श्वास रोखून ढवळायचो. जून ते सप्टेंबर एकदाही चुकलं नव्हतं. दरवेळी निवळ. आणि दसरा झाल्यापासून एकदाही जमत नव्हतं. काहीही बदललं नव्हतं. तीच बाटली, तेच पाणी, तोच माझा हात.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेने त्यांच्या यंत्रावर आम्हाला एक दिवस दिला होता. तिथे उंदरांवर चाचणी व्हायची होती. माल ताजा न्यायला लागायचा, शिळा चालत नाही. तो दिवस पुढच्या आठवड्यात होता. तिथे दूध घेऊन गेलो असतो, तर माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गेलं असतं. विद्यापीठाने शेवटची म्हणून दिलेली मुदतवाढ मी आधीच खाऊन बसले होते. पण खरं सांगू का, मला माझी तितकी काळजी नव्हती. काळजी सरांची होती.

कारण त्यांच्या बाबतीत हे सगळं एकदा घडून गेलं होतं.

तरुणपणी, नव्याने नोकरीला लागले तेव्हा, सरांनी हाच चुना करून दाखवला होता. लेख छापून आला, बाहेरच्या देशातून कौतुकाची पत्रं आली. मग एकाने लिहिलं, आम्हाला जमत नाही, नमुना पाठवा. सर करायला बसले आणि त्यांनाच जमेना. शेवटी चौकशीला माणसं आली. त्यांच्यासमोर सर उभे राहून एकामागून एक दूध काढत राहिले. लेख मागे घ्यावा लागला. कॉलेजात त्यांचं नाव 'जादूगार' पडलं. बढत्या दुसऱ्यांना मिळाल्या. सरांनी पुन्हा चुन्याला हात लावला नाही, लोखंडाच्या पुडीवर काम करत राहिले.

तो जुना लेख ग्रंथालयात मला सापडला आणि मीच त्यांच्या मागे लागले. ते नको नको म्हणत होते. जुन्या खोलीत मी वर्षभर खपले, दूधच यायचं. "सोड ते, मला खात्री नाही आता," असं सर म्हणायचे. मग जूनमध्ये विभागाला नवी इमारत मिळाली. नवी खोली, नवी काच, पहिलाच आठवडा, आणि पाणी निवळ! सर त्या दिवशी स्टुलावर बसून राहिले होते, फ्लास्क मांडीवर घेऊन, लहान मूल घ्यावं तसा.

आणि आता पुन्हा दूध. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झालीच होती. "काय, झाली का जादूगारांची पूड गायब?" डिसेंबरअखेर सर निवृत्त होणार होते. जाता जाता दुसऱ्यांदा थापाड्या ठरून जाणार होते.

"वैजयंती," सर खिडकीशीच होते. "मी मुंबईला कळवून टाकतो. दिवस दुसऱ्या कोणाला देऊ देत."

"सर, अजून आठवडा आहे."

"लोखंडावरचं तुझं काम पुरेसं आहे. त्याच्यावर प्रबंध उभा राहील. कसाबसा राहील, पण राहील."

"मला कसाबसा नकोय."

ते माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "जूनमध्ये तू पाहिलं होतंस ना गं? निवळ होतं ना?"

साठीला आलेला माणूस, आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

"पाहिलं होतं सर. मीच केलं होतं."

"हां," ते म्हणाले. "मग ठीक आहे."

चष्मा डोळ्यांवर चढवून ते घरी गेले. दुपारची दोनची वेळ असेल. सर दुपारी घरी गेलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी तशीच शहानवाज मुजावरकडे गेले. तो मिरजेचा, फिजिक्सवाला, माझ्यासारखाच पीएचडीचा. एक्स-रेच्या यंत्रावर त्याची ड्यूटी असायची. त्या यंत्रात पूड ठेवली की कोणत्या खनिजाची आहे ते आलेखावर उमटतं. माझ्या दुधाच्या साक्यात काय आहे ते त्याने पाहून दिलं होतं. खडू. दुसरं काय असणार?

"बाई, तोंड का असं? कुणी गेलं का?"

"मीच जायच्या बेतात आहे. मुजावर, आता तुम्हीच काहीतरी सांगा."

"मी काय सांगू? मी यंत्राचा नोकर." मग जरा विचार करून म्हणाला, "तुम्ही दरवेळी झालेलं दूध आणून देता. रिकामी काच कधी दिलीत का?"

"रिकाम्या काचेचं काय करणार?"

"तुम्हीच म्हणता ना, पाक साखरतो म्हणून? मग भांड्याच्या काठाला आधीच साखर असेल तर?"

"अहो, साबणाने धुते मी. वर तीनदा डिस्टिल्ड पाणी."

"धुता हो. पण बघायला काय जातं? सगळे स्वच्छ फ्लास्क थोड्या थोड्या पाण्याने खळबळा, ते पाणी आटवा, खाली काही उरलं तर द्या. नाही उरलं तर चहा माझा."

चहा त्याला पाजावा लागला नाही. आटलेल्या पाण्याच्या तळाशी नखावर मावेल एवढी पूड उरली. मी ती त्याच्याकडे टाकली आणि बाकड्यावर डोकं टेकून तिथेच झोपले. त्याने हलवून उठवलं.

"बाई, तुम्ही यात मॅग्नेशियम घालता का?"

"नाही. कधीच नाही."

"मग हे बघा. हा खडू, हा ठीक. पण हा शेजारचा उंचवटा, हा डोलोमाइट आहे, मॅग्नेशियमवाला चुनखडक. बीकरमध्ये डोलोमाइट होत नाही. ते डोंगरात होतं, त्याला लाखो वर्षं लागतात. डोंगरातला दगड तुमच्या फ्लास्कमध्ये काय करतोय?"

मी आलेख बघितला, मग काचपट्टीवरची पूड बघितली. दिव्याखाली तिच्यात एक अगदी फिकट गुलाबी छटा होती.

रांगोळी!

दरवर्षी खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची, जशी सगळीकडे होते. आमच्याकडे रांगोळी काढायला सरांच्या पत्नी यायच्या, शरयूकाकू. शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. रांगोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाजारची रांगोळी जाडीभरडी असते म्हणून त्या मलमलीतून गाळून, अगदी वस्त्रगाळ करून आणायच्या. रेघ केसासारखी यायची. त्या वर्षी नवी खोली म्हणून काकूंना उत्साह आला होता. मोठ्या टेबलावर त्यांनी कमळं काढली होती, गुलाबी भरून. सगळे फ्लास्क धुऊन टेबलावर मांडले होते आणि काकूंनी प्रत्येकाच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं होतं. सुट्टी संपल्यावर मी रांगोळी कोरड्या फडक्याने पुसून काढली होती. शिंकलेही होते.

रांगोळी म्हणजे तरी काय? दळलेला पांढरा दगड. खडूचा सख्खा भाऊ. वस्त्रगाळ केलेला, म्हणजे हवेत तरंगणारा. काचेवर, ब्रशमध्ये, वाळवण्याच्या भट्टीत, सगळीकडे बसला होता. साबणाला तो दाद देत नाही. त्याला विरघळवायला ॲसिडच हवं. आणि आमच्या लॅबच्या दारावर सरांच्या हस्ताक्षरात पाटी होती, 'या खोलीत ॲसिड आणू नये.' ॲसिडचा वाससुद्धा आमच्या नाजूक चुन्याला सोसत नाही, म्हणून. सरांचा तरुणपणापासूनचा नियम. मी तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला होता.

"काय झालं?" मुजावरने विचारलं.

"काही नाही. रांगोळी आहे ती. दसऱ्याची."

तो हसत सुटला. हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी सगळी काच टोपल्यांत भरून मी वरच्या मजल्यावर नेली आणि दुसऱ्यांच्या लॅबमध्ये ॲसिडने धुतली. टेबल पुसलं, भट्टी पुसली, ब्रश फेकून दिले, भिंतीसुद्धा ओल्या फडक्याने पुसल्या. पाठीचा पार खुळखुळा झाला. मग बर्फ फोडला, पाणी मोजलं, ढवळायला सुरुवात केली. सोड्याचं पाणी पडलं. मी डोळे मिटले होते. उघडून बघते, तर फ्लास्कच्या पलीकडच्या कॅलेंडरवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

सर आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. त्यांनी टेबलावरचा फ्लास्क पाहिला. उचलला. खिडकीपाशी नेला.

"काय केलंस?"

"नीट धुतलं सर सगळं."

"कशाने?"

मला खोटं बोलायचं होतं, पण सुचेना. डोकं चालतच नव्हतं.

"वैजयंती, कशाने धुतलंस?"

"ॲसिडने. वरच्या मजल्यावर."

त्यांनी दाराकडे पाहिलं, पाटीकडे. मग टेबलाकडे. तो माणूस आयुष्यभर रसायनं हाताळत आला होता, त्याला शिकवायची गरज नव्हती. ॲसिडने जातं ते काय, साबणाने राहतं ते काय, ते केव्हापासून आलं. ते हळूहळू स्टुलावर बसले.

"दसऱ्यापासून," ते म्हणाले.

"हो सर."

"रांगोळी."

"मुजावरने आलेख काढलाय. डोलोमाइट आहे."

ते फ्लास्क मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आनंद होईल, हसतील. त्यांचा चेहरा उलट पांढरा पडत गेला.

"आमचं लग्न वैशाखात झालं," ते म्हणाले. "मला नवी लॅब त्याच वर्षी मिळाली होती. पावसाळाभर निवळ येत होतं. लेख गणपतीत पाठवला. खंडेनवमीला ही पहिल्यांदा लॅबमध्ये आली. कौतुकाने आली होती गं. दारापासून टेबलापर्यंत नक्षी काढली होती हिने."

मी उठून उभी राहिले. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी माझ्या दुधातच बुडाले होते.

"सर! म्हणजे तेव्हा तुमचं खरंच..."

"खरंच होतं." त्यांनी फ्लास्क खाली ठेवला. "आणि ॲसिड आणू नये, हा नियम माझाच होता."

"सर, हे लिहा. त्या मासिकाला लिहा. आता पुरावा आहे आपल्याकडे. तुमचं नाव स्वच्छ होईल!"

"आणि काय लिहू? माझ्या बायकोने केलं म्हणून?"

"असं कुठे लिहायचं? धूळ म्हणा."

"कुठली धूळ, ते विचारतील. आणि ती काय वाचणार नाही होय? शिक्षिका आहे ती." त्यांनी डोळे चोळले. "तुला सांगतो, त्या वर्षी सगळे उलटले. मित्र म्हणवणारे उलटले. माझे वडील मला म्हणाले, खरं काय ते सांगून टाक. एक हिने विश्वास ठेवला. रोज म्हणायची, माझा तुमच्यावर विश्वास आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी उभा राहिलो, नाहीतर संपलोच होतो. तिच्या डोक्यावर आता हे घालू? माझी इतकी वर्षं तुझ्या रांगोळीने गेली, असं सांगू? ते नाही व्हायचं. तूही बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. काय करणार?

मुंबईला आम्ही गेलो. यंत्राच्या पडद्यावर उंदराच्या काळ्याकरड्या चित्रात एवढीशी गाठ दिव्यासारखी उजळली, आणि तिथले डॉक्टर खुर्ची सरकवून पुढे वाकले. "अरे वा!" म्हणाले. सर मागे भिंतीशी उभे होते. परतीच्या गाडीत ते पूर्ण वेळ झोपले.

त्या रविवारी काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं, मला आणि मुजावरला. मसालेभात, अळूची भाजी, श्रीखंड. काकू वाढत होत्या आणि खूश होत्या. "खा रे पोरांनो, काय हाडं झालीत तुमची. वैजू, तू तर निम्मी झालीस."

"आमच्या बाईंना तुम्हीच निम्मं केलंत काकू," मुजावर म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "पुढच्या दसऱ्याला रांगोळी बाहेर व्हरांड्यात काढा, एवढी विनंती आहे."

सरांना शब्द दिला होता म्हणून मी मुजावरलाही काही बोलले नव्हते. त्याला जुनं प्रकरण धड माहीतही नव्हतं. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती टेबलाच्या पायाला लागली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे काय रे?" काकूंनी विचारलं.

आणि त्याने सगळं रंगवून सांगितलं. डोलोमाइट, गुलाबी पूड, डोंगरातला दगड. काकू सुरुवातीला "अगंबाई!" म्हणून हसल्या. मग हसायच्या थांबल्या. श्रीखंडाचा डाव हातात तसाच राहिला.

"म्हणजे रांगोळी असली की तुमचं ते बिघडतं?"

"कणभर पुरते काकू."

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर ताटात बघत होते.

"अहो, आपल्या पहिल्या दसऱ्याला मी आले होते तुमच्या लॅबवर."

"असशील. आठवत नाही."

"आठवत नाही काय? तुम्ही फोटो काढला होतात. दारापासून टेबलापर्यंत काढली होती मी."

"अगं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. जेवू दे पोरांना."

"संबंध नाही, तर माझ्याकडे बघत का नाही तुम्ही?"

मुजावरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण त्याने हातातला घास ताटात ठेवला.

सरांनी मान वर केली. "बरं, झालं असेल तसं. तुला काय माहीत होतं? मलाच कुठे माहीत होतं? खोली माझी, नियम माझा. दोष असलाच तर माझा आहे. तुझा काडीचा दोष नाही. रडू नकोस बघू."

काकू खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. डाव मांडीवर, साडीवर श्रीखंड. मला वाटलं, झालं, सर ज्याला भीत होते तेच झालं. पण त्या रडता रडता हसत होत्या. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"दोषाचं नाही हो रडत मी!" त्या म्हणाल्या. "म्हणजे ते खरं होतं? तुम्ही खरंच केलं होतंत ते?"

सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खोटं नव्हतं लिहिलं!"

काकू बोलत सुटल्या. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते, त्यांना थांबवता येईना. "एवढी मोठी माणसं बाहेरून आली, तुम्ही त्यांच्यासमोर दहा वेळा केलंत, एकदासुद्धा झालं नाही. मला काय कळत होतं त्यातलं? चित्रकलेची बाई मी. मला वाटलं, तरुण वय आहे, पुढे जायची घाई असते, लिहिलं असेल थोडं वाढवून. पण मी कधी विचारलं का? देवाशप्पथ, एका शब्दाने विचारलं नाही. म्हटलं, असू दे. चुकला असला तरी आपला माणूस आहे."

"तू तर म्हणायचीस," सर म्हणाले, "की माझा विश्वास आहे."

"म्हणायचे. न म्हणून काय करू? तुम्ही अन्न टाकलं होतंत."

काकूंच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. पदराने त्यांनी डोळे पुसले.

"रागावलात?"

"नाही गं," सर म्हणाले. "दमलोय. भात वाढ थोडा."

त्यांनी भात वाढला. सरांनी तो सगळा खाल्ला, पानात शीत ठेवलं नाही. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांनी दोनदा विचारलं, तूप घालू का.

मासिकाला पत्र गेलं. काकूंनीच हट्ट धरला. "माझ्या रांगोळीने झालं असं स्पष्ट लिहा, लाजू नका," म्हणाल्या. ते छापूनही आलं. स्टाफरूममधल्या लोकांनी सरांचे हात हातात घेतले, एकाने तर पाया पडायचं नाटक केलं. जादूगार हे नाव एका आठवड्यात बंद झालं. माझं शेवटचं प्रकरण लिहून झालं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मी त्यांचं टेबल आवरायला मदत करत होते. खोके भरून झाले. सर रिकाम्या टेबलाशी बसले होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्टाचं बटण चुकलेलं.

"सर, आता तरी सुखाची झोप लागत असेल," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

"गंमत सांगू का तुला? सगळं जग मला खोटारडा म्हणत होतं ना, तेव्हा मला गाढ झोप लागायची. वाटायचं, म्हणू दे, घरी एका माणसाला खरं माहीत आहे. आता सगळ्यांना खरं माहीत झालंय, आणि मी जागाच असतो. ती शेजारी झोपलेली असते. बिचारी इतक्या वर्षांनी शांत झोपते गं. तिला काय बोलू?"

मी खोक्याचं झाकण उगाच पुन्हा दाबलं.

"चहा आणू का सर?"

"आण," ते म्हणाले. "साखर कमी सांग."